तपासलेलं रक्त, मग आजार आला कुठून?

खानापूर-चंदगडकडून आलेले पेशंटचे नातेवाईक असोत की टिळकवाडीतले शेजारी, रक्तातून होणाऱ्या विषाणूसंसर्गावर माझं काम आहे असं कळलं की प्रश्न ठरलेला: "रक्त तपासूनच देता ना, मग रोग जातोच कसा?" सूर असा, की कुणीतरी कामात टाळाटाळ केली असणार. इतकी वर्षं दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाले. आज तसं करत नाही.

तपासतो. प्रत्येक पिशवी तपासतो. एचआयव्ही, यकृत बिघडवणारे हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. पैसे घेऊन रक्त विकणं 1 जानेवारी 1998 पासून बंद झालं, तेही 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला म्हणून. टेक्निशियन मुलं शिवजयंतीच्या शिबिरातून रात्री परततात आणि त्याच रात्री नमुने लावायला बसतात. त्यांच्यावर कुणी शंका घेतली की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पण अडचण वेगळीच आहे. हिपॅटायटिस सीची नेहमीची चाचणी शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती दिसण्याइतकी वाढायला साधारण 8 ते 10 आठवडे जातात. तेवढ्या काळात दाता धडधाकट असतो, खोटंही बोलत नसतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि विषाणू मात्र पिशवीत असतो. नॅट ही चाचणी थेट विषाणूची जनुकं शोधते, त्यामुळे हा काळ काही दिवसांवर येतो. शून्यावर तीही आणत नाही.

खानापूर तालुक्यातली एक आई थॅलेसेमियाच्या मुलाला घेऊन यायची. या जन्मजात आजारात शरीर पुरेसं चांगलं रक्त बनवत नाही. अशा मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. मुलाचा हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्या दिवशी तिने पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर तारीख, दवाखान्याचं नाव आणि रक्ताच्या पिशवीचा नंबर. नर्सकडून मागून मागून लिहून घेतलेला, काही ठिकाणी मुलाच्याच अक्षरात. वही माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "डॉक्टरबाई, ह्यातली कुठली ते तेवढं सांगा."

मी शोधायला बसले. नंबरावरून दाता, दात्यावरून फोन. काही पिशव्या दुसऱ्या गावच्या रक्तपेढीतल्या, काही दाते पिशवीच्या बदल्यात रक्त द्यायला ऐनवेळी पकडून आणलेले, त्यांचे पत्तेच अर्धवट. जे सापडले ते बिचारे आले, परत रक्त देऊन गेले, निगेटिव्ह निघाले. ती दर खेपेला विचारायची, "सापडली का?" नाही सापडली. आजतागायत नाही.

तेव्हा इलाज म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन. रिबाव्हिरिनने तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे थॅलेसेमियाच्या पोराला आणखी रक्त लागणार. ज्या वाटेने आजार आला तीच वाट आणखी रुंद करायची, हे तिला समजावून सांगताना माझे शब्द सुटे सुटे पडत होते. ती म्हणाली, "मग आणि रक्तच द्यायचं होय?" पुढे गोळ्या आल्या, 2018 पासून सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळू लागल्या, बाराएक आठवड्यांत विषाणू गेला. मुलगा आज बरा आहे. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

त्याआधीची मी ठामपणे म्हणायची, की धोका इतका कमी आहे की सांगून घाबरवायचं कशाला? रक्तस्राव होणारी बाळंतीण समोर असते, नवरा सही करायला कचरला तर ती हातची जायची. हे आजही खरं आहे, त्या जुन्या मीशी मी इथे भांडू शकत नाही. भांडते ते हिशेबावर. तो धोका एका पिशवीचा होता. त्या वहीत किती पिशव्या होत्या!

"मग घरच्यांचंच रक्त घ्या," असं पुष्कळजण सुचवतात. नको. भावाला नाही म्हणता येत नाही म्हणून माणूस स्वतःबद्दलची गोष्ट लपवतो. शिवाय सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटू शकतात. क्वचितच घडतं, पण घडलं तर माणूस बहुतेक वाचत नाही. वारंवार, स्वखुशीने रक्त देणारा अनोळखी माणूस बरा.

नॅट महाग आहे, कायद्याने सक्तीची नाही, लहान पेढ्यांना ती झेपत नाही. सरसकट जमत नसेल तर निदान थॅलेसेमियाच्या मुलांच्या पिशव्यांना तरी ती लावा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणते. एक सहकारी दरवेळी विचारतो, "मॅडम, मग त्या बाळंतिणीला कमी तपासलेली पिशवी द्यायची का?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मागणी मात्र पुढच्या बैठकीतही करणार आहे.