आधी गाडीखाली शिरा, मग लिफ्टचं बोला

पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली की सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय असतो: दोन इंच लिफ्ट करून घ्या, म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी उंच करा. पण लिफ्टनं गाडीचं नेमकं काय उंच होतं, हे कळल्याशिवाय किटला हात लावू नये. स्प्रिंग बदलली की चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, आणि तिच्यावर बसलेलं सगळं, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), डिझेलची टाकी, फूटस्टेप. सलग ॲक्सलचं (दोन्ही चाकं जोडणाऱ्या एकाच दांड्याचं) डिफरन्शियल, म्हणजे त्यावरचा गिअरचा गोळा, मात्र चाकांच्या मधोमध असतं तिथंच राहतं. त्याला उंची फक्त टायर देतो, तीही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मी.

म्हणून पहिलं काम ओरखडे शोधायचं. आपल्याकडं गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या शिवरस्त्यांवर खोल चाकोऱ्या पाडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गाडी धुवा, खाली शिरा, टॉर्च मारा. डिफरन्शियलच्या तळाचा रंग उडून लोखंड चकाकत असेल तर आधी टायर बघा. क्रॉसमेंबर (चॅसीची आडवी पट्टी) किंवा फूटस्टेप घासलेला असेल तर लिफ्टचा फायदा होईल.

टायरचा हिशेब सोपा आहे. २०२० नंतरच्या महिंद्रा थारला २४५/७५ आर १६ टायर असेल तर व्यास साधारण ७७४ मिमी. २६५/७५ आर १६ घातला तर ८०४. वाढ ३० मिमी, म्हणजे डिफरन्शियलखाली १५ मिमी. तेवढ्या वाढीनं स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ नं पळत असेल. टायर २० मिमी रुंदही झाला, त्यामुळं स्टेअरिंग पूर्ण वळवून आतल्या बाजूला घासतो का ते बघावंच लागतं.

स्प्रिंग घेताना लोक उंची विचारतात, विचारायला हवं वजन. सोलापूर जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. टाकी फुल करा, स्टेपनी आणि अवजारं ठेवा, आणि आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी म्हणजे मागच्या ॲक्सलचा भार. लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) मिळून पुढं सहज ७० ते ९० किलो वाढतात, त्यामुळं ते बसवायचे असतील तर आधी बसवा, मग वजन करा. गाडीत कायम असतं तेवढ्याच वजनाची स्प्रिंग घ्यावी. वर्षातून एकदाच्या सहलीचा विचार करून कडक स्प्रिंग घेतली की रिकामी गाडी खडीच्या रस्त्यावर उड्या मारते आणि चाक जमीन सोडतं. पकड जाते ती तिथंच.

आता किती? पुढं स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) असलेल्या गाडीला ४० मिमी, सलग ॲक्सलच्या गाडीला ५० मिमी. इथल्या वाटांना एवढं भरपूर झालं. त्यापुढं प्रत्येक इंचामागं जोडीचे भाग वाढत जातात आणि गाडी वळणावर कलंडायला लागते.

जुन्या थारला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आहे. बोल्ट आवळला की गाडी वर येते, खर्च जवळपास शून्य, म्हणून सगळे तेच करतात. पण त्यानं चाकाला खाली जायला उरलेली जागा संपते, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यावरचं, म्हणजे सीव्ही जॉइंटवरचं, रबरी बूट (आवरण) फाटतं. बोल्ट आवळून २५ मिमीच्या पुढं जाऊ नका. नव्या थारला पुढं कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच बसवलेली गोल स्प्रिंग, आहे. त्याच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती) टाकला तर चाकाशी स्पेसरच्या जाडीपेक्षा बरीच जास्त उंची मिळते, त्यामुळं जाडी बघून फसू नका.

मारुती जिप्सीला चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) टाकली तर जादा लांबीच्या निम्मीच उंची मिळते, आणि ॲक्सल फिरून प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. पूर्ण पाट्यांचा संच महाग पडतो, पण काम तोच करतो. पुढच्या पाट्याखाली ठोकळा कधीच घालू नये. ब्रेक दाबताना तो सरकला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच हवेत. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा धरत नाही.

मारुती जिमनीला सलग ॲक्सल, कॉइल आणि पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून चॅसीला जोडलेला दांडा. लिफ्ट केली की हा रॉड ॲक्सलला एका बाजूला सरकवतो. तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरतो: मडगार्डच्या कडेवरून सोडा, टायरपर्यंतचं अंतर डावीकडं आणि उजवीकडं मोजा. फरक निघाला तर ॲडजस्टेबल रॉड घ्या. शिवाय कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, आणि हैदराबाद रोडला ९० च्या वेगात स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. त्याला कॅस्टर बुश, म्हणजे तो कोन सुधारणारे सांध्यातले रबरी तुकडे, लागतात.

शॉकअप स्प्रिंगच्या जोडीनंच बदला, आणि पूर्ण मिटलेली व पूर्ण उघडलेली अशी दोन्ही लांबी विचारा. बंपस्टॉप (चाक फार वर येऊ न देणारा रबरी ठोकळा) लागण्याआधी शॉकअप मिटता कामा नये, नाहीतर सगळा दणका त्याच्या माउंटिंगवर जातो.

बसवताना एक गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये चुकते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत बुशचे नट आवळून टाकतात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मगच टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचे. त्याआधी चाकं लोंबकळत असताना स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि ॲक्सलची ब्रीदर (आतली हवा सोडणारी) नळी ताणत नाहीत ना, हे बोट लावून बघा. होज ताणला तर लांब होज, दुसरा मार्ग नाही. मागं एलएसपीव्ही (भार बघून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीला जुळवून घ्या, नाहीतर गाडी रिकामी आहे असं समजून तो मागचा ब्रेक कमी करतो.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीला किट घेण्याआधी विचारा.

आणि काळी माती. ओली झाली की ती टायरच्या खाचांत बसते, टायर गुळगुळीत होतो, मग चिखल मडगार्डमध्ये भरून चाकच धरतो. लिफ्टनं टायर आणि मडगार्डमधली जागा वाढते, एवढाच तिथला उपयोग. सप्टेंबरच्या पावसानंतर शेतकरी पेरणीला वाफसा येईपर्यंत थांबतो, गाडीनंही थांबावं. परतल्यावर सीव्ही जॉइंटच्या रबरी बुटांवरची माती ओली असतानाच धुवा; वाळली की विटेसारखी होते आणि रबर कापते.

अलाइनमेंट आणि हेडलाइट त्याच दिवशी. मग ५०० किमी झाले की यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा. हीच मापं काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर घेऊन लिहून ठेवलेली हवीत. नवी स्प्रिंग काही मिलिमीटर बसतेच, पण एकच कोपरा जास्त बसला असेल तर तिथली स्प्रिंग खाचेत नीट बसलेली नाही. ती खोलून पुन्हा बसवा.