मुंबई ते नेवार्क: किती लांब, किती तास

लेक न्यू जर्सीत राहायला गेल्यापासून सोसायटीतल्या बायकांचा मला ठरलेला प्रश्न, "अहो, किती लांब पडतं हो ते?" जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माझं उत्तर जरा लांबतं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला जाणारी रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. त्या रेघेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. आता पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा. तो आपसूक वर सरकतो, कझाकस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया करत ग्रीनलंडच्या बाजूने खाली उतरतो. हे बृहद्वृत्त, म्हणजे गोलावरची सगळ्यात जवळची वाट, आणि याची लांबी १२,५०० किलोमीटरच्या आसपास. वर्गात मुलं हे पाहून दरवेळी दोरा स्वतः ताणून बघायची. माझा सगळ्यात आवडता तास तो.

पण विमानाला दोऱ्यासारखं जाता येतंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा मुंबईहून सरळ वायव्येला वळायची सोय गेली. आधी समुद्रावरून पश्चिमेला जायचं, मग वर. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी विमानांना मनाई केली ती वेगळीच.

शिवाय वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, थंडीत जास्तच जोरात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून जायला सोळा तासांच्या आसपास आणि यायला त्याहून तास-दीड तास कमी. "येताना लवकर आलो, पायलट चांगला होता," असं आमचे हे अजूनही सांगतात. सांगू देत.

तिकिटावरच्या वेळांनी मात्र भलेभले चकतात. रात्री पाऊण वाजता सुटून सकाळी सव्वासातला पोचणार म्हणजे साडेसहा तास? नाही हो. त्यात उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवा. थंडीत तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा साडेदहा.

मला स्वतःला डिसेंबरची रात्र सगळ्यात नवलाची वाटते. उत्तरेला अक्षवृत्तं लहान होत जातात, त्यामुळे तिथे पश्चिमेला जाणारं विमान सूर्याच्या जवळजवळ बरोबरीने पळतं आणि पहाट मागेच राहते. मुंबईत सहाच्या सुमाराला मावळलेला सूर्य नेवार्कला सव्वासातला उगवतो, म्हणजे मध्ये चोवीस तासांना थोडीच कमी रात्र. तेवढ्यात जेवणाचे ट्रे दोनदा येतात, आणि त्यातलं नाश्ता कुठला नि जेवण कुठलं यावर आमचा दरवेळी वाद होतो.