हनुवटीवरचा फोड

"दात दुखतो का?" सोनोग्राफी करता करता डॉक्टरांनी विचारलं. मला हसूच आलं. आलो होतो हनुवटीवरचा फोड दाखवायला!

आठ महिने तेच. सुकायचा, खपली धरायची, परत पू. मलमं झाली, अँटिबायोटिक्सही झाली.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कातडीपासून एक काळसर, बारीक पट्टा थेट जबड्यापर्यंत गेलेला आणि तिथे हाडाची पांढरी रेघ चक्क तुटलेली. तिथेच खालच्या पुढच्या दाताचं मूळ. कधीकाळी मार बसलेला दात, आतून मेलेला. पू बाहेर पडायला वाट मिळाली, म्हणून ठणका नाही.

आता रूट कॅनल. फोड म्हणे मग आपोआप भरून येईल.

इतक्या महिन्यांत एकदाही मला 'आ करा' असं कुणी कसं म्हणालं नाही?