गड्डीचं पाणी

आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच. सोलापूरकराला हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. पाळीच्या दिवशी बॅरल, हंडे, कळशा, बादल्या सगळं भरून घ्यायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. घरात मी आणि आई दोघीच, त्यामुळे एक बॅरल आरामात पुरायचा. २०२३ च्या मार्चमध्ये तो तिसऱ्याच दिवशी तळाला जायला लागला. आधी वाटलं, उन्हाळा आहे. मग वाटलं, बॅरल गळतोय. आमची कुत्री गड्डी पीत होती ते पाणी.

गड्डी आमच्याकडे २०१९ च्या जानेवारीत आली, सिद्धेश्वराच्या यात्रेत, जिला आम्ही गड्डा म्हणतो. रात्री होम मैदानाकडून घरी येताना एका बंद दुकानाच्या पायरीवर पडलेली दिसली. कानाच्या आत द्राक्षाच्या घडासारख्या गोचड्या आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. आई म्हणाली, "चार दिवस अंगणात राहू दे, मग बघू." डॉक्टरांनी गोचीड तापाचं निदान केलं, महिनाभर गोळ्या चालल्या, आणि चार दिवसांचं 'मग बघू' तिथेच राहिलं. नाव आईनेच ठेवलं. गड्ड्यात सापडली म्हणून गड्डी.

तर ती खूप पाणी प्यायला लागली आणि मला बरंच वाटलं. जिने गटाराच्या कडेचं पाणी चाटून दिवस काढले ती आता पोटभर पितेय, असं मनात यायचं. मग रात्री स्वयंपाकघरात ओट्याखाली लघवी व्हायला लागली. चार वर्षांत तिने घरात कधी केली नव्हती. मला एकाने सांगितलं, आठनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेव, आपोआप थांबेल. मला ते पटलं. मी रोज रात्री आठला भांडं उचलून ओट्यावर ठेवू लागले.

असं एकोणीस दिवस केलं. आकडा पक्का आहे, कारण मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते आणि घरातलंही सगळं वहीत मांडते. विसाव्या रात्री आईने मला हलवून उठवलं. "अगं, मोरीत काय वाजतंय बघ." गड्डी मोरीतल्या नळाची तोटी चाटत होती. पाळीला दोन दिवस होते, नळात थेंब नव्हता. कोरड्या पितळेवर जीभ घासल्याचा आवाज येत होता. मी दिवा लावला तेव्हा तिने शेपटी हलवली आणि पुन्हा तोटी चाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. वजन १४ किलोवरून साडेबारावर आलं होतं. तोंडाला लघवीसारखा वास येत होता, तो मला आठवडाभर दाताचा वाटला होता. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायची घाण, ४.२ निघालं, बरंच जास्त. फॉस्फरसही वाढलेलं. लघवीची घनता १.०१०, म्हणजे जवळजवळ पाणीच. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं लहान झालेली आणि कडा ओबडधोबड दिसल्या. डॉक्टर म्हणाले, जुना आजार आहे, एकूण चार टप्प्यांतला तिसरा टप्पा आहे. बरा होणार नाही, पण सांभाळता येईल.

मग मी भांडं उचलण्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं. चांगलं मूत्रपिंड शरीरातलं पाणी परत ओढून घेतं आणि घाण घट्ट करून बाहेर टाकतं. ते बिघडलं की आधी ही घट्ट करायची ताकद जाते. पाणी थांबतच नाही, वाहून जातं. म्हणजे ती जास्त पीत होती म्हणून जास्त लघवी होत नव्हती, जास्त लघवी होत होती म्हणून ती पीत होती. पाणी पिऊन ती स्वतःला कशीबशी सावरत होती, आणि मी नेमकं तेच रात्रीचं बंद केलं. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडाचं सुमारे पाऊण काम आधीच गेलेलं असतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. तहान त्याच्या आधी बोलते.

म्हणून हे लिहितेय. तुमचं कुत्रं अचानक जास्त पाणी प्यायला लागलं तर भांडं उचलू नका. आधी मोजा. एक लिटरची बाटली मोजून भांड्यात ओता आणि चोवीस तासांनी उरलेलं मोजा. किलोमागे साधारण ५०-६० मिली हे ठीक. १०० च्या वर गेलं तर दवाखाना गाठा. गड्डी त्या दिवसांत सव्वादोन लिटर पीत होती. मूत्रपिंडाशिवाय मधुमेह असू शकतो, मादीच्या गर्भपिशवीत पू असू शकतो, काहीही असलं तरी ते भांडं उचलून जात नाही.

हे कशाने झालं, याला एक उत्तर नाही. जुन्या गोचीड तापाने मूत्रपिंडाला मार बसू शकतो. वय तर कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मागचं शोधण्यापेक्षा पुढचं बघा. मला ते जमायला बरेच दिवस लागले.

तीन दिवस दवाखान्यात शिरेतून सलाईन चाललं. क्रिएटिनिन ३.१ वर आलं. त्यानंतर घरी कातडीखाली रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन द्यायचं, दिवसाआड १५० मिली. ऐकूनच माझ्या हातापायातलं बळ गेलं. मी आयुष्यात कुणाला सुई टोचली नव्हती. पहिल्या दिवशी सुई चिमटीच्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली, निम्मी बाटली माझ्या ओढणीवर सांडली. गड्डी शांत बसून होती. रडले मी.

आता हात बसलाय. बाटली आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, लहान बाळाचं दूध बघतो तसं मनगटावर बघायचं. कॅलेंडरच्या खिळ्याला टांगायची. नळीतली हवा काढून टाकायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की तंबू होतो, त्याच्या बुडाशी १८ नंबरची सुई आडवी सारायची. दर वेळी नवी सुई, बोथट सुईनेच जास्त दुखतं. आई समोर पाटावर बसते आणि गड्डीचं डोकं मांडीवर घेते. आठ-दहा मिनिटांत पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो. संध्याकाळपर्यंत तो खाली सरकून पुढच्या पायाशी लोंबतो आणि रात्रीतून जिरतो. पहिल्यांदा आईला वाटलं, सूज आली. तिने हळद लावायला घेतली होती.

खाण्याचं जास्त कठीण गेलं, गड्डीपेक्षा आईला. रविवारी मटणाची हाडं यायची ती बंद. काळीज बंद. कडक भाकरीला शेंगाचटणी लावून आई हळूच तिच्यापुढे सरकवायची, तीही बंद, त्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला मूत्रपिंड धड असतानाही नको. हाडांत, काळजात फॉस्फरस भरपूर, आणि या आजारात तो रक्तात साठत जातो. आता मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, लाल भोपळा, दुधी, वरून थोडं तूप. पांढऱ्यात प्रथिनं चांगली आणि फॉस्फरस अगदी कमी. फॉस्फरस धरून ठेवणारी गोळी कुटून त्या भातातच कालवायची. रिकाम्या पोटी दिली तर वाया जाते, तिचं काम जेवणाबरोबरच असतं. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तोवर मी ती सकाळी उपाशीपोटी देत होते. रक्तदाबाची अर्धी गोळी आणि मळमळ थांबवायची गोळी ही आणखी. हे सगळं आमच्या डॉक्टरांनी गड्डीच्या आकड्यांवरून ठरवलेलं आहे, तुमच्या कुत्र्याला तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि आपली दुखण्याची गोळी तर कुत्र्याला कधीच नको. लंगडतंय म्हणून दिलेल्या एका गोळीनेही मूत्रपिंड जाऊ शकतं.

खर्च महिन्याला चार-साडेचार हजार येतो. माझ्या पगारात तो बोचतो, पण भागतं. त्यापेक्षा २०२४ चा उन्हाळा जड गेला. शहराला पाणी देणारं उजनी धरण उणे साठ्यात गेलं होतं, पारा बेचाळिशीपार जात होता आणि पाळी लांबत चालली होती. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही कुत्र्याला तीन-तीन भांडी भरून ठेवता." मी गप्प बसले, काय बोलायचं ते सुचलं नाही. आई म्हणाली, "माझ्या वाटणीचं देते मी तिला." आणि खरंच त्या महिन्यात आई एका तांब्यात अंग पुसून घ्यायची. दुपारी आम्ही फरशीवर ओलं पोतं टाकायचो, गड्डी त्यावर पोट टेकून पडायची. उन्हात एकदा पाणी कमी पडलं की या आजारात एका दिवसात घसरण होते, ते आम्ही मेमध्ये पाहिलं. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही, हिरडीवर फोड आले, पुन्हा दवाखाना, पुन्हा शिरेतून सलाईन. त्यातून उठली ती.

दिवाळीनंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन ५.८ आलं. हा शेवटचा टप्पा. सलाईन आता रोज देते. डॉक्टरांशी पुढचंही बोलून झालंय. औषधं देऊनही ती तीन दिवस खाणार नाही, स्वतःहून उठून अंगणात जाणार नाही, तेव्हा मी फोन करायचा आणि ते घरी येतील. आईला हे सांगताना मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती गड्डीच्या कानामागे खाजवत बसली होती. जरा वेळाने म्हणाली, "दवाखान्यात नेऊ नको पण. तिला तिथला वास आवडत नाही."

काल पाळी होती. रात्री अडीचला तोटीतून आधी हवा आली, मग पाणी. बॅरलला पाइप लावायच्या आधी तिची तीन भांडी भरून घेते, तशी काल भरली. एक आईच्या खाटेशी, एक मोरीच्या दारात, एक अंगणात तुळशीजवळ. पाण्याचा आवाज आला की ती उठून येते. कालही आली, भिंतीला अंग टेकत, पण आली. मोरीच्या दारातलं प्यायली, बराच वेळ. मग माझ्या पायावर ओलं तोंड पुसून पुन्हा खाटेखाली गेली.

वहीतली नोंद: वजन ११.२. भात अर्धा खाल्ला, अंड्याचं पांढरं सगळं. पाणी पावणेदोन लिटर. अंगणात दोनदा स्वतःहून.