झिरो माईलला बारा सेकंद

डिसेंबरात मामाकडे नागपूरला गेलो तेव्हा बॅगेत घरी बनवलेला पिनहोल कॅमेरा होता, म्हणजे काय तर काळा रंग मारलेला लाकडी डबा आणि लेन्सच्या जागी कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, सुईने भोक पाडलेला. भोक १२०० डीपीआयला स्कॅन केलं तर १४ पिक्सेल भरलं, म्हणजे साधारण ०.३ मिमी. फिल्म भोकापासून ५० मिमीवर, भागाकार केला की एफ १६७ (एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा प्रकाश कमी). माझ्या मोबाईलमधलं प्रकाश मोजायचं मीटर तिथवर जातच नाही, म्हणून एफ १६ ला किती सेकंद लागतील ते रीडिंग घ्यायचं आणि १०९ ने गुणायचं (१६७ भागिले १६, त्याचा वर्ग).

बरं एवढ्यानेही भागत नाही. सेकंदाच्या वर गेलं की फिल्म आळशी होते, तिला जास्तीचा वेळ द्यावा लागतो. माझी इलफोर्डची एफपी४ प्लस, तिच्यासाठी कंपनीनेच आकडा दिलाय, आलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात. थंडीत आखडलेल्या बोटांनी कोण कॅल्क्युलेटर बडवणार, म्हणून ट्रेनमध्येच वहीत तक्ता करून ठेवला.

सकाळी सातला मामाच्या ॲक्टिव्हावर झिरो माईल. इंग्रजांच्या मोजणीचा खांब आणि चार घोडे, अजून ऊन नव्हतं. मीटर म्हणालं १/१५ सेकंद, गुणून ७.३, तक्त्यात १२ सेकंद. मी भोकावरची चिकटपट्टी उचलली, मामा स्टॉपवॉच घेऊन उभा. तेवढ्यात एक फिरायला निघालेले काका थांबले, "काय मोजून राहिले भाऊ?" मामा म्हणतो, "इंग्रजांची मोजणी अर्धी राहिली होती, ते पुरी करून राहिलो." दोघं हसत बसले आणि इकडे २० सेकंद होऊन गेले! वहीत लिहिलं: फ्रेम ३, हवे १२, दिले २०, कारण मामा.

मग तर्री पोहे, ते वेगळं सांगायला नको. दुपारी दीक्षाभूमीला रणरणतं ऊन, हिशोब जेमतेम एक सेकंद, पट्टी काढेपर्यंतच संपतो आणि डबा हलतो तो वेगळा. पिनहोलला दुपार नकोच.

संध्याकाळी फुटाळा तलाव. सूर्य बुडालेला, मीटर १/२, म्हणजे ५४ आणि तक्त्याने १५४. अंधारात वही डोळ्याजवळ धरून वाचली, पट्टी उघडली, मोजलं, लावली, एकदम खुश.

पुण्याला येऊन फिल्म धुतली. झिरो माईलची निगेटिव्ह मस्त, थोडं जास्त एक्सपोजर फिल्म पचवते, घोडे खणखणीत आणि त्या वीस सेकंदांत गेलेल्या रिक्षांचा मागमूस नाही. फुटाळा मात्र जवळपास कोरी काच. वही काढली तर फ्रेम ११ पुढे माझ्याच अक्षरात: दिले ५४. अंधारात शेजारचा रकाना वाचला होता. मामाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "मंग ये ना पुन्हा, फुटाळा काय पळून चालला का बे?"