झोपेत दचकणारी मुलगी

पुरळ आलेल्या मुलांसाठी आमच्या ओपीडीत वेगळं बाकडं आहे. साथीच्या दिवसांत ते रिकामं म्हणून दिसत नाही. हातापायांवर आणि तोंडात फोड, थोडा ताप, लाळ गळतेय, काही खाऊ म्हटलं की मान फिरवतो. हॅण्ड-फूट-माउथचं निदान बहुतेक वेळा लांबूनच होतं, आणि उपचार म्हणजे पॅरासिटॅमॉल, थंड पातळ पदार्थ आणि आईबापांना धीर. सात ते दहा दिवसांत मूल बरं होतं. त्यामुळे रेसिडेंट मंडळी, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, या बाकड्याकडे जरा सैल नजरेनं बघतात, आणि दहातल्या नऊ वेळा ते चालूनही जातं.

त्या दिवशी तिथे गर्दी झाली ती एका दीड वर्षाच्या मुलामुळे. अंगावर आधीपासूनच इसब. आता कोपराच्या खाचेत, गुडघ्यांमागे, मांड्यांवर, ढुंगणावर आणि तोंडाभोवती पाण्यानं भरलेले टपोरे फोड आले होते. काही फुटून त्यांवर खपली धरली होती. आणलेल्या चिठ्ठीवर ‘कांजिण्या?’ असं लिहिलं होतं. शेजारची माणसं आपापली मुलं घेऊन हळूच लांब सरकली होती. आजीच्या डोळ्यांना धार लागलेली. बाळ स्वतः मात्र माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढण्यात दंग होतं.

कांजिण्या असत्या तर छाती-पोट भरलं असतं. इथे धड जवळजवळ कोरं होतं. मी त्याची मूठ उघडली. तळव्यावर करडे, लांबुळके, चपटे फोड, कातडीच्या रेषांना धरून आडवे पडलेले. कांजिण्यांचे फोड असे दिसत नाहीत. मी बापाकडे वळून विचारलं, “तुम्हाला काही झालं होतं का?” त्यांनी संकोचत स्वतःचा हात पुढे केला. बोटांच्या कडेला तसलेच दोन-तीन डाग. “मला वाटलं, कामावर काहीतरी घासलं असेल.”

इसबाच्या जागा धरून उठणारं, अंगभर पसरणारं, मोठ्यांनाही गाठणारं हॅण्ड-फूट-माउथचं हे रूप बहुतेक वेळा कॉक्सॅकी ए-6 या व्हायरसचं असतं. पूर्वी या आजाराच्या साथी मुख्यतः ए-16 च्या असत. 2008 मध्ये फिनलंडमध्ये ए-6 ची मोठी साथ आली आणि त्यानंतर जगभर हे नवं, भडक रूप दिसू लागलं. रेसिडेंटनं रास्त शंका काढली, “मॅडम, इसबावर हर्पीस असेल तर?” तिथे वाट बघत बसणं परवडत नाही. म्हणून फोडातलं पाणी पीसीआरला पाठवून रिपोर्ट येईपर्यंत हर्पीसवरचं अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केलं. संध्याकाळी हर्पीस आणि कांजिण्या दोन्ही निगेटिव्ह आले, तेव्हा ते थांबवलं.

या गडबडीत मागे एक बाई नंबर यायची वाट बघत शांत उभ्या होत्या. खांद्यावर तीन वर्षांची मुलगी झोपलेली. सिस्टरनी नावनोंदणीच्या कागदावर ‘ताप, तिसरा दिवस, सौम्य पुरळ’ असं लिहिलं होतं. तळपायावर मोजून चार-पाच डाग, घशात दोन व्रण, बस्स.

“हिला फोड फार नाहीत डॉक्टर,” आई म्हणाली, “पण झोपेत सारखी दचकतेय. रात्रभर.”

मी तिला तशीच खांद्यावर राहू द्यायला सांगितलं आणि बघत उभी राहिले. डोळा लागला की दोन्ही हात एकदम झटक्यानं वर उडत, खालची गादी कुणी ओढून घेतल्यासारखे. ती जागी होऊन आईला घट्ट धरी आणि पुन्हा पेंगे. मिनिटभरात परत तेच. झोप लागताना एखादा झटका कुठल्याही धडधाकट मुलाला येतो, तापात जरा जास्तही येतो. पण हे थांबत नव्हतं. तिला उठवून मांडीवर बसवलं तर ती एका अंगाला कलत होती. पेन पुढे केलं तर घ्यायला आलेला हात थरथरत होता. नाडी तापाच्या मानानं फारच जलद. सकाळपासून दोनदा उलटीही झाली होती.

त्या क्षणी फोडांनी भरलेलं बाळ माझ्या काळजीच्या यादीत खूप खाली गेलं.

हा आजार एका व्हायरसचा नाही. एन्टेरोव्हायरस या गोतावळ्यातले बरेच जण तो घडवतात: कॉक्सॅकी ए-16, ए-6, ए-10, आणि ज्याला आम्ही बालरोगवाले दचकून असतो तो एन्टेरोव्हायरस ए-71. पोलिओचा व्हायरसही याच गोतावळ्यातला, आणि ए-71 मध्ये ते रक्ताचं नातं दिसतं. कधी पोलिओसारखा लुळेपणा येतो, कधी थेट ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, सूज. श्वास, हृदयाची गती, रक्तदाब यांचा कारभार तिथूनच चालतो. तो बिघडला की काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं. 1997 मध्ये मलेशियाच्या सारावाकमध्ये लहान मुलं अशी गेली. 1998 मध्ये तैवानमध्ये सव्वा लाखाहून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यांतले 405 गंभीर झाले आणि 78 दगावले. बहुतेक पाच वर्षांच्या आतले. झोपेतले झटके ही पुढच्या संकटाची पहिली हाक आहे, हे जगाला नीट कळलं ते मुख्यतः अशा साथींमुळेच. फोडांची संख्या आणि धोका यांचा मात्र काही मेळ नसतो.

“दाखल करायचंय, आत्ताच, आयसीयूत,” म्हटल्यावर फोनवरचे वडील चिडले. “अहो, तिच्याहून कितीतरी जास्त फोड असलेला मुलगा तिथेच आहे म्हणते ही. त्याला घरी सोडताय ना?” प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना फोडांबद्दल काही समजावत बसले नाही. “तुम्ही या आणि ती झोपल्यावर फक्त पाच मिनिटं तिच्याकडे बघा,” एवढंच म्हटलं. ते आले, त्यांनी बघितलं, आणि सही केली.

आयसीयूत करायचं ते मुख्यतः लक्ष ठेवणं. या व्हायरसवर खात्रीचं औषध नाही. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, साखर, दर तासाला. तापलेलं, उलट्या झालेलं मूल दिसलं की सलाइन जोरात सोडावंसं वाटतं. इथे तोच मोह आवरायचा असतो, कारण फुप्फुसं काठावर उभी असतात. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज, दिलं. त्याचा पुरावा पक्का नाही, पण आशियातल्या साथींत ते सर्रास वापरलं गेलंय आणि अशा वेळी मी देते. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या निघाल्या, म्हणजे सूज मज्जासंस्थेपर्यंत पोचली होती. त्या पाण्यात ए-71 स्वतः क्वचितच सापडतो. म्हणून घशातला स्वॅब आणि शी यांचे नमुने पाठवले, त्यांतच तो हाती लागतो.

पहाटेच्या सुमाराला रक्तदाब चढू लागला, पायांना घाम सुटला, तेव्हा मी व्हेंटिलेटर पलंगाशी आणून ठेवायला सांगितला. लागला नाही. उजाडता उजाडता नाडी उतरली. दुसऱ्या रात्री ती सलग झोपली. सिस्टर दर राउंडला सांगत होत्या, “एकच झटका, मॅडम,” आणि नंतर, “आता नाही.”

व्हायरसचा नेमका प्रकार ठरवायला त्याच्या कवचातल्या व्हीपी-1 या प्रथिनाचा जीन वाचावा लागतो. ते रिपोर्ट आले तोवर दोघंही घरी गेले होते: मुलगी ए-71, बाळ ए-6. चीनमध्ये 2015 च्या अखेरीस ए-71 वरच्या लसीला मान्यता मिळाली. ती ए-71 पुरतीच कामाची, बाकीच्या भावंडांना तिचं काही देणंघेणं नाही. आणि एकापासून मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर फारशी चालत नाही, म्हणूनच ‘मागच्या वर्षी झाला होता, पुन्हा कसा?’ हे दर मोसमात ऐकावं लागतं.

मुलीचा हात काही आठवडे किंचित थरथरत राहिला. चालणं सुधारलं. तिच्या वाढीकडे अजून लक्ष आहे.

महिनाभरानं बाळाच्या आईनं फोटो पाठवला: अंगठ्याचं नख मुळापासून सुटून वर उचललेलं, खाली नवं येतंय. ए-6 नंतर असं होतं. दुखत नाही, ओढू नका, आपोआप पडेल, असं कळवलं. त्याच सुमाराला बापानं पाळणाघराचा कागद आणला. ‘बालक पूर्णपणे व्हायरसमुक्त आहे’ असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. मी ते लिहिलं नाही. ताप आणि फोड गेले तरी शीतून व्हायरस कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, आणि तेवढे दिवस कुणी मुलाला घरी ठेवत नाही, ठेवूही नये. या व्हायरसला चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. डायपर बदलल्यावर साबण आणि वाहतं पाणी, खेळण्यांना ब्लीच, हेच खरं. कागदाच्या पाठीमागे मी तेवढंच लिहिलं आणि पुढच्या बाजूला ‘मूल येऊ शकतं’ लिहून सही केली. पाळणाघरानं दुसऱ्या दिवशी तो परत पाठवला, शिक्का राहिला होता म्हणून.