किती खणांचं घर

रविवार, रात्री

सकाळी सातलाच बाहेर पडले. रविवारी त्या वेळी पुण्यातला बाजीराव रस्ता मोकळा असतो, आणि विश्रामबाग वाडा पाहायचा तर समोरच्या फुटपाथवर उभं राहूनच पाहायला हवा. एरवी बसमधून जाताना खालचा दरवाजा तेवढा दिसतो आणि मागे पडतो. आज चांगली वीस मिनिटं उभी होते. वरचा लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब, खांबाखांबांमधल्या महिरपी, लोंबणारी केळफुलं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत मोठं नुकसान झालं, आणि तरी सुताराच्या पटाशीची ती धार अजून दिसते.

लोक नक्षी बघतात. मीही इतकी वर्षं नक्षीच बघत आले. आज मात्र नजर खांबांमधल्या मोकळ्या जागेवर गेली. सगळीकडे सारखंच अंतर. एक खण, दोन खण, तीन खण, अशी मनात मोजत गेले आणि लहानपणी रोज कानावर पडणारा हा शब्द मी किती वर्षांत उच्चारलाच नाही हे लक्षात आलं. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. आमच्या वाड्यात घराचं माप खणांत सांगत. ‘त्यांची दोन खणी जागा आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला खोली डोळ्यांसमोर दिसायची.

तिथून चालत नारायण पेठेत गेले. नदीकडच्या एका बोळात एका वाड्याची दिंडी, मोठ्या दरवाजातलं छोटं दार, उघडी होती. देवडीत पाऊल ठेवलं तेवढ्यात आतून आवाज आला.

“कोण हवंय?”

“कुणी नाही आजी. वाडा बघत होते.”

“बघण्यासारखं काय राहिलंय आता? ये, आत ये. चपला तिथेच काढ.”

आजी ऐंशीच्या पुढच्या. चौकातल्या आडावर लोखंडी जाळी टाकलेली, त्यावर तुळशीच्या तीन कुंड्या. घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब. खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. कडीपाट. इतकी वर्षं चुलीचा धूर खाऊन लाकूड काळंभोर झालेलं. त्यावर हात ठेवला तर गार लागतं आणि गुळगुळीत.

“आमची तीन खणांची,” आजी म्हणाल्या. “वरची दोन खणांची दिरांची होती. ते गेले कोथरूडला.”

आजींनी मला एक गोष्ट दाखवली ती मी कधी विसरणार नाही. खोलीच्या दोन भिंती जाडजूड, तिसरी मात्र बारीक आणि सरळसोट. म्हणाल्या, “ही पानशेतनंतरची. मी नवी नवरी होते. पाणी इथवर, कडीपाटाला लागलं होतं. उतरल्यावर येऊन बघतो तर भिंती विरघळून गेलेल्या आणि लाकूड तसंच्या तसं उभं! खांब, तुळई, कडी, सगळं जागच्या जागी. भिंती तेवढ्या नाहीत.”

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले किती तरी वाडे कोसळले, हे वाचून माहीत होतं. भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या हेही माहीत होतं. पण वाडा उभा असतो तो लाकडाच्या सांगाड्यावर आणि भिंत ही नुसती मध्ये भरलेली असते, हे आज त्या बारीक भिंतीपाशी उभी राहिल्यावर मला खऱ्या अर्थाने कळलं. त्यामुळेच खण. दोन खांबांत किती अंतर ठेवायचं ते तुळई किती भार पेलेल त्यावर ठरणार, आणि खोली किती खोल करायची ते कडीच्या लांबीवर. सागाचा सोट सरळ मिळेल तेवढीच कडी. खोलीची रुंदी आधी रानात ठरायची, मग पेठेत. मोठं घर हवं तर खांब वाढवायचे, खण वाढवायचे. खण ताणता येत नाही.

येताना शनिवारवाड्यावरून आले. दिल्ली दरवाजासमोर मुलांचे फोटो चालले होते. आत फक्त जोती उरलीत, पण आज मला ती रिकामी वाटली नाहीत. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली तेव्हा या वाड्याला १६,११० रुपये खर्च आला होता असं सांगतात. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली ती सात दिवस जळत राहिली. सात दिवस! बाहेरून किल्ल्यासारखा दिसणारा हा वाडा आतून लाकडाचा होता, म्हणून. आगीने खांब नेले, दगडाने घराचा आराखडा तेवढा जमिनीवर जपून ठेवला. मी एका जोत्यावर चढून पावलांनी खण मोजायचा प्रयत्न केला. रखवालदाराने शिट्टी वाजवली, उतरले.

मंगळवार

ऑफिस सुटल्यावर डेक्कनला उतरून प्रभात रोडच्या गल्ल्यांमध्ये तासभर हिंडले. लकडी पूल ओलांडला की घरांचं व्याकरणच बदलतं. (त्या पुलालाही लाकडाचं नाव तेवढं राहिलंय, पूल कधीचा दगडी झालाय.)

इथले जुने बंगले काळ्या दगडाचे. टाकीचे घाव दिसतील असा खडबडीत ठेवलेला पाषाण आणि मधल्या दरजा सिमेंटने उचलून भरलेल्या. असाच दगड वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत कड्यासारखा उघडा पडलेला दिसतो. पुण्याच्या पायाखाली सगळीकडे हाच आहे. पावसात भिजला की तो निळसर काळा होतो आणि त्यावर बोगनवेलीचा गुलाबी रंग असा उठून दिसतो की पाय हलत नाही.

पण माझा जीव गोल गॅलऱ्यांमध्ये अडकलाय. कोपऱ्यावरच्या एका बंगल्याची गॅलरी जहाजाच्या नाळेसारखी वळलेली आहे, कठड्याला तीन आडव्या पट्ट्या, खिडक्यांवर पातळ छज्जे, जिन्याच्या भिंतीत उभी लांबट काच. खाली आधाराला एकही खांब नाही. वाडा पाहून आलेल्या डोळ्यांना हे फार धाडसाचं वाटतं. सळई आणि काँक्रीट आलं आणि घर खणातून सुटलं. हवं तिथे वळलं, हवेत पुढे आलं. तीस-चाळीसच्या दशकात पेठेतल्या अंधाऱ्या माजघरातून इथे राहायला आलेल्या बाईला त्या गोल गॅलरीत पहिल्या दिवशी उभं राहिल्यावर काय वाटलं असेल? चारी बाजूंनी वारा, समोर मोकळा प्लॉट, आणि संडास घराच्या आत. वाड्यांबद्दल मी कितीही हळवी असले, तरी पहाटे बादली घेऊन रांगेत उभी असलेली आई मला आठवते. पुलापलीकडे आलेल्यांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही.

पाटीवरची नावं वाचत चालले होते. ‘श्रमसाफल्य’, ‘मातृछाया’. एका ठिकाणी बंगला पाडून बांधलेल्या बारा मजल्यांच्या इमारतीला त्याच बंगल्याचं नाव दिलेलं, तीच जुनी संगमरवरी पाटी नव्या ग्रॅनाइटमध्ये बसवलेली. ती पाटी ठेवावीशी वाटली, याचं मला बरं वाटलं.

एका नव्या इमारतीचा राग मात्र आला. प्रवेशाशी ‘वाडा’ म्हणून चार सुरूदार खांब उभे केलेत. हात लावून पाहिला: पोकळ फायबर, वर तपकिरी रंग. खांबांमधलं अंतर मनाला येईल तसं, एक पाच फुटांवर, दुसरा नऊ फुटांवर. वर स्लॅब आपला आपण उभा. ज्या सुताराने हा घाट पहिल्यांदा घडवला त्याच्या डोक्यात वरची तुळई होती, तिचं ओझं होतं. आकार उचलायचा आणि त्याचं काम टाकून द्यायचं, हे मला त्या सुताराचा अपमान केल्यासारखं वाटतं.

गुरुवार

जेवताना बाबांना विचारलं, “बाबा, आपली वाड्यातली जागा किती खणांची होती हो?”

बाबांनी घास खाली ठेवला. “अडीच. मधला खांब आपल्यात आणि शेजारच्यांत निम्मा निम्मा.”

“आणि खण केवढा?”

“पाच फुटांना जरा जास्त. कडी अकरा फुटी. मी स्वतः मोजली होती, माळा घालताना.”

चौऱ्याऐंशीच्या वयात हे त्यांना अकरा फुटांपर्यंत आठवतं! जेवणं झाल्यावर मी टेप आणि खडू काढला. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला. बाबा खुर्चीत बसून सांगत गेले आणि मी फरशीवर आखत गेले. आधी तळखडे, चौकोन काढून. मग भिंत. मग उंबरा, चुलीचा ओटा, देवाचा कोनाडा.

आखून झालं तर सगळं घर आमच्या हॉलमध्ये बसलं आणि बाल्कनीच्या दाराशी हातभर जागा उरली. मी पुन्हा मोजलं. तेवढंच. आजी, आई, बाबा, काका आणि आम्ही दोघी बहिणी, सहा माणसं यात राहत होतो. मला ती खोली मोठी आठवते. गणपतीत तिथे वीस माणसं जेवलेली आठवतात.

“इथे नाही जेवली,” बाबा म्हणाले. “ओसरीत बसायची पंगत. ओसरी सगळ्यांची.”

मग ते उठले, काठी टेकत मधल्या चौकोनापाशी आले आणि काठीच्या टोकाने दाखवू लागले. “इथे मी. इथे तुझी आई. आजी कोनाड्याखाली, तिला पहाटे उठून दिवा लावायचा असे. तू खांबाला पाय लावून झोपायचीस, तिथे लाकूड गार लागतं म्हणून.”

मी चौकोनाशी जाऊन बसले. बाबांनी सांगितलं, “तिथे नाही. पलीकडच्या अंगाला.”